चालतो कमी, उभाच जास्त: चाकांवरच्या रॅकसाठी कॅस्टर निवडताना

रॅकला कॅस्टर, म्हणजे चिमट्यासारख्या फोर्कमध्ये बसवलेली आणि वरच्या प्लेटने जोडायची चाकं, लावायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कॅस्टर किती किलो घेतं? विकणारा एक आकडा सांगतो, आपण त्याला चाराने गुणतो, रॅक आणि मालाचं वजन त्याहून कमी भरलं की विषय संपला. सहा महिन्यांनी तोच रॅक जागचा हलायला तयार नसतो. हलला तर एका अंगाला ओढतो, आणि ब्रेक लावूनही खांदा लागला की डोलतो. कॅस्टर मोडलेलं नसतं आणि सांगितलेला आकडाही खोटा नसतो. तो आकडा आपल्या प्रश्नाचं उत्तर नव्हता, एवढंच.

गडबड अशी की बहुतेक जड कॅस्टर आपण ट्रॉली डोळ्यांपुढे ठेवून निवडतो. ट्रॉली ठेंगणी असते आणि तिचा दिवस फिरण्यात जातो. रॅक उंच असतो, आणि पोटभर माल घेऊन दिवसचे दिवस एका जागी उभा असतो. मध्येच कधीतरी त्याला दहा-वीस मीटर सरकवायचं, की पुन्हा उभा. त्यामुळे रॅकखालच्या कॅस्टरची खरी कसोटी चालण्यात नसतेच. भार घेऊन नुसतं उभं राहणं, पहिल्या धक्क्याला जागचं सुटणं आणि वरचा डोलारा कलंडू न देणं, या तीन गोष्टी जमल्या की चालणं आपोआप जमतं.

एक खुलासा आधीच करतो. जमिनीत रूळ बसवून त्यावर सरकणारे रॅकही ‘मोबाईल’ म्हणूनच ओळखले जातात. त्यांची चाकं पोलादी, कडेला पट्टी असलेली, फक्त पुढे-मागे जाणारी असतात; वाट रूळ ठरवतात. तो वेगळा विषय. इथे बोलतोय ते रुळांशिवायच्या, सपाट जमिनीवर हवा तिकडे ढकलता येणाऱ्या रॅकबद्दल.

चार चाकं, भार तिघांवर

चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तीन पायांची तिवई कधीच डुगडुगत नाही. जमीन वर-खाली असली तरी तीन टेकू नेहमी टेकतात, चौथा टेकेलच असं नाही. रॅकचंही तसंच. गुळगुळीत दिसणाऱ्या कोब्यातही काही मिलिमीटरचा चढउतार असतोच, आणि रॅकची चौकट ताठ असेल तर त्या क्षणी एक चाक जवळजवळ मोकळं राहतं. त्याच्या वाटणीचा भार बाकीच्यांवर जातो.

म्हणून हिशेबाची रीत अशी: रॅकचं स्वतःचं वजन आणि जास्तीत जास्त माल यांची बेरीज करायची आणि चार चाकं असली तरी तिनाने भागायचं. १८० किलोचा रॅक आहे, चार कप्पे आहेत, प्रत्येकात २०० किलो माल. एकूण ९८० किलो. चाराने भागलं तर एका चाकावर २४५, तिनाने भागलं तर ३२७. दोन्ही आकड्यांत जवळपास ८० किलोंचा फरक आहे, आणि बरीच कॅस्टर याच फरकात मरतात. त्यावर धक्के, खाचा आणि एकाच बाजूला रचलेला माल यांसाठी थोडी जागा ठेवायची. गुळगुळीत जमीन आणि हाताने ढकलणं असेल तर सव्वापट ते दीडपट पुरते. म्हणजे ४१० ते ४९० किलो. तेव्हा ५०० किलोंचं कॅस्टर घ्यायचं.

इथे कॅटलॉगमधला आकडा कुठून येतो तेही पाहून घ्यावं. औद्योगिक कॅस्टरसाठी आयएसओ २२८८३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते ताशी ४ किलोमीटरपर्यंतच्या, म्हणजे माणसाच्या चालीच्या वेगापुरतं आहे. त्याहून जास्त, ताशी १६ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी आयएसओ २२८८४ हे वेगळं मानक आहे. याचा अर्थ सरळ आहे: जे कॅस्टर चालीच्या वेगाला ५०० किलो घेतं, तेच फोर्कलिफ्टमागे दोरीने बांधून ओढलं तर ५०० किलो घेईल असं कोणी म्हटलेलं नाही. वेग वाढला की चाकाच्या पोटात उष्णता साठते आणि प्रत्येक खाचेचा दणका वाढतो. भरलेला उंच रॅक वाहनाने ओढावा की नाही यावर माझं मत विचाराल तर ओढू नये. पण ओढणारच असाल तर निदान त्या वेगासाठी तपासलेलं कॅस्टर मागा.

सहा चाकं लावली तर भार सहांत वाटला जाईल, हा आणखी एक भ्रम. लांब रॅकची चौकट मधोमध किंचित वाकते आणि मधली दोन चाकं आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त भार उचलतात. ट्रॉलीत कधीकधी मधली स्थिर चाकं मुद्दाम काही मिलिमीटर खाली ठेवतात, म्हणजे ट्रॉली त्यांच्यावर गर्रकन वळते. पण मग ती पुढे-मागे झुलतेही. ठेंगण्या ट्रॉलीला ते चालतं, दोन मीटर उंच रॅकला अजिबात नाही.

कॅस्टर दोन टन घेईल, तुमचं काय?

भाराचा हिशेब जमला की लोक निर्धास्त होतात. खरी मर्यादा मात्र बहुतेक वेळा कॅस्टरची नसते, ढकलणाऱ्याची असते.

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेने दिलेला एक ढोबळ नियम फार कामाचा आहे. सपाट, कडक जमिनीवर आणि चांगल्या स्थितीतल्या चाकांवर वजन हलवायला त्या वजनाच्या किमान २ टक्के जोर लागतो. जमीन ओबडधोबड असेल तर जागचं हलवायलाच १० टक्क्यांपर्यंत लागू शकतो. याच संस्थेच्या मार्गदर्शनात माणसाच्या जोराचेही आकडे आहेत: जागचं हलवायला किंवा थांबवायला पुरुषासाठी साधारण २० किलो आणि स्त्रीसाठी १५ किलो; चालू ठेवायला अनुक्रमे १० आणि ७ किलो. एवढ्या जोरापर्यंत काम सर्वसाधारणपणे बिनधोक मानायचं, पुढे गेलं की नीट तपासायचं.

आता आपला ९८० किलोंचा रॅक या काट्यावर ठेवा. २ टक्के म्हणजे जवळजवळ २० किलो. सगळं उत्तम असताना एक धडधाकट माणूस तो जेमतेम सुरू करेल, पण ढकलत ठेवणं त्याला जड जाईल. जमीन खराब असेल तर सुरुवातीचाच जोर १०० किलोंच्या घरात. कॅस्टर ५०० किलोंचं घ्या नाहीतर १००० किलोंचं, हा हिशेब फारसा बदलत नाही. दोन माणसं हवीत, किंवा रॅकवरचा माल कमी हवा.

आणि उतार विसरू नका. पाणी मोरीकडे जावं म्हणून जमिनीला दिलेला शंभरास एक उतार डोळ्यांना दिसतही नाही, पण त्या उतारावर ९८० किलोंचा रॅक आपल्या मनाने जवळजवळ १० किलोंच्या जोराने खाली ओढत असतो. बारास एक उताराचा रॅम्प असेल तर ४०० किलोंच्या भारालाच ३० किलोंहून जास्त जोर लागतो. भरलेला रॅक रॅम्पवर नेण्याचा विचारच सोडून दिलेला बरा.

मोठं चाक का घ्यावं

जोर कमी करायचा सर्वांत स्वस्त आणि साधा उपाय म्हणजे चाकाचा व्यास वाढवणं. चाक जमिनीला जिथे टेकतं तिथे ते थोडं दबतं, जमीनही किंचित दबते, आणि चाकाला सतत आपल्याच खड्ड्यातून वर यावं लागतं. तोच भार आणि तोच पदार्थ असेल तर व्यास दुप्पट केल्यावर हा अडथळा साधारण निम्मा होतो.

पण व्यासाचं मोल खरं कळतं ते कडेशी. दोन फरशांमधला सांधा, दाराचा बारीक उंबरठा, कोब्यातली फट, जमिनीवर पडलेला बोल्ट. एका चाकावर २५० किलो आहेत आणि चाक कडक आहे असं धरा. ५ मिलिमीटरच्या कडेला टेकून उभं असलेलं चाक वर चढवायला १०० मिमी व्यासाच्या चाकाला सुमारे १२० किलोंचा आडवा जोर लागतो, २०० मिमीच्या चाकाला ८० च्या आसपास. कड १० मिमीची झाली तर लहान चाकाला जवळजवळ १९०, मोठ्याला १२०. आणि हे एका चाकाचं. कडेला समोरून भिडलात तर पुढची दोन्ही चाकं एकदमच अडतात. मऊ चाक कडेवर दबतं म्हणून त्याला यापेक्षा कमी जोर लागतो, पण प्रमाण तसंच राहतं.

एवढा जोर कोणीच देऊ शकत नाही. मग माणूस काय करतो? रॅक दोन पावलं मागे घेतो आणि वेगात आणून कड ओलांडतो. सामान पडतं, कॅस्टरचा फोर्क वाकतो, आणि कधी रॅकही पडतो. त्याकडे वळायचंच आहे. तूर्त एवढंच की भरलेल्या रॅकला १५० मिमीच्या खालचं चाक लावू नये असं मला वाटतं. २०० मिमी असेल तर उत्तम. मात्र मोठं चाक रॅकला उंच करतं. २०० मिमीच्या जड कॅस्टरची प्लेटपर्यंतची उंची २४० मिमीच्या आसपास जाते, आणि ती उंची फुकट मिळत नाही.

नायलॉन, पीयू, बीड की रबर

चाकाच्या पदार्थावर तासन्‌तास वाद होऊ शकतो, पण तो मुळात एकाच ओढाताणीचा आहे. कडक चाक कमी दबतं, म्हणून हलकं चालतं आणि जास्त भार घेतं; पण ते जमिनीला ओरबाडतं, खडखडतं आणि बारीकशा खड्यावरही अडतं. मऊ चाक जमिनीला जपतं, आवाज करत नाही, पण ढकलायला जड जातं.

एका टोकाला बीड आणि पोलाद. भाराच्या बाबतीत त्यांना तोड नाही. तेल, उष्णता, लोखंडाचा चुरा काहीही चालतं. पण इपॉक्सीचा थर दिलेल्या जमिनीवर बिडाचं चाक म्हणजे छिन्नीच. नायलॉन त्याच्या एक पायरी अलीकडे: हलकं, गंजत नाही, रसायनांना बऱ्यापैकी दाद देत नाही, जागचं सहज हलतं. जमीन मात्र साधी, कडक आणि स्वच्छ हवी. दुसऱ्या टोकाला रबर. ऑफिसातली फाईलची कपाटं हलवायला ठीक, पण टनाच्या रॅकखाली रबराचं चाक घातलं तर ढकलायचा जोर कडक चाकाच्या कित्येक पट होतो.

मधोमध पॉलियुरेथेन, म्हणजे आपलं ‘पीयू’. बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर पीयूचा जाड थर ओतून चिकटवलेला असतो. जड कामाच्या पीयूचा कडकपणा शोअर ए मापावर साधारण ९२ ते ९५ असतो. लवचिक रबराचा ६५-७० च्या आसपास. छताखाली चालणाऱ्या बहुतेक भारी रॅकना हेच योग्य पडतं आणि बहुतेक वेळा शेवटी हेच लावलं जातं. पण पीयू म्हणजे सगळं एकच नव्हे. त्याचे पॉलिस्टर आणि पॉलिइथर असे दोन मुख्य वंश आहेत. पॉलिस्टर जातीचं पीयू झिजेला आणि तेलाला चांगलं, पण गरम पाणी आणि वाफ यांनी ते हळूहळू कुजतं. जिथे जमीन रोज गरम पाण्याने धुतात तिथे पॉलिइथर जातीचं मागायला हवं. आणि साधारण ४० अंश सेल्सियसच्या वर पीयूची भार घ्यायची ताकद उतरू लागते, ७० च्या आसपास बहुतेकांची मर्यादा येते. भट्टीशेजारच्या रॅकला हे लक्षात ठेवा.

आता रॅकचा खास रोग. मऊ पदार्थ सतत दाबाखाली राहिला की दाबलेला आकारच धरून बसतो. भरलेला रॅक महिनाभर एका जागी उभा राहिला तर प्रत्येक चाकाला खाली एक चपटा डाग पडतो. मग ढकलताना प्रथम त्या चपट्या कडेवरून चाक वर चढवावं लागतं, आणि सुटल्यावर ‘धप्, धप्’ करत जातं. थोडं फिरल्यावर पीयू बरंच सावरतं, पण पुन्हापुन्हा असं झालं की कायमचं वाकडं राहतं, किंवा गाभ्यापासून सुटू लागतं. ट्रॉलीला हा त्रास जवळजवळ नाही, म्हणून ट्रॉली विकणाऱ्याच्या तोंडी हा मुद्दा सहसा येत नाही.

उपाय आहेत. कमी हलणाऱ्या रॅकला, जमीन साथ देत असेल तर, नायलॉन किंवा बीड घ्या. पीयूच हवं असेल तर गरजेपेक्षा एक पायरी जास्त क्षमतेचं आणि रुंद चाक घ्या, म्हणजे भार पसरतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे रॅक उभा असताना भार चाकांवर ठेवूच नका: चौकटीला चार स्क्रूचे पाय लावा आणि जागेवर पोचल्यावर ते फिरवून चाकांवरचा भार उतरवा. फिरवायला दोन मिनिटं लागतात, म्हणून लोक कंटाळतात. रॅक आठवड्यातून एकदाच हलत असेल तर मला तरी तो कंटाळा परवडणारा वाटत नाही.

कलंडण्याचं गणित

हा भाग कॅटलॉगमध्ये नसतो, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

फिरत्या कॅस्टरचं चाक त्याच्या किंगपिनच्या, म्हणजे ज्याभोवती फोर्क फिरतो त्या उभ्या पिनच्या, बरोबर खाली नसतं. थोडं मागे असतं. म्हणूनच तर ते ढकलल्या दिशेला आपोआप वळतं. जड कॅस्टरमध्ये हे अंतर ५० मिमीच्या आसपास असू शकतं. आता ६०० मिमी खोल रॅक घ्या. कॅस्टरची प्लेट कडेपासून आत बसते, तेव्हा किंगपिन कडेपासून ६० मिमी आत आला असं धरू. उरलं ४८०. आणि दोन्ही बाजूंची चाकं आतल्या अंगाला वळलेली असतील तर आणखी १०० गेलं. ६०० मिमीचा वाटणारा पाया प्रत्यक्षात ३८० मिमीचा झाला.

त्यात कॅस्टरने रॅक २४० मिमी उंच केलाय. भरलेल्या रॅकचा गुरुत्वमध्य आधी ८६० मिमीवर असेल तर आता ११०० वर गेला. चाकं लावण्याआधी हा रॅक साधारण १९ अंश कलल्याशिवाय पडला नसता. आता १० अंशांना पडतो. चाकांनी त्याची निम्मी ऐपत खाल्ली.

आता वेगाने कडेला धडकण्याकडे येऊ. हाच रॅक २ मीटर उंच आणि १.८ मीटर लांब आहे, माल आत घट्ट आहे आणि चाकं एखाद्या खाचेत एकदम अडली असं समजा. खोलीच्या दिशेने, म्हणजे रॅकचा चेहरा पुढे करून ढकलत असाल, तर ताशी अडीच किलोमीटरच्या आतल्या वेगालाच तो पुढे कोसळू शकतो. ही माणसाच्या चालीपेक्षा कमी गती झाली. लांबीच्या दिशेने ढकलत असाल तर तेच व्हायला ताशी १० किलोमीटरहून जास्त वेग लागतो. तोच रॅक, तीच चाकं, तीच खाच. फक्त ढकलायची दिशा बदलली.

म्हणून दोन स्थिर आणि दोन फिरती चाकं लावणार असाल तर स्थिर चाकं लांबीच्या दिशेला तोंड करून लावा. मग रॅकला आडवं जाताच येत नाही, आणि माणसाला तसं ढकलायचा मोहही होत नाही. ढकलायचं ते फिरत्या चाकांच्या बाजूने. सरळ लांब वाटेला ही रचना फार चांगली, कारण रॅक रेषा सोडत नाही. चारही चाकं फिरती असली तर अरुंद जागेत रॅक कुठेही सरकवता येतो, पण लांब वाटेवर आणि उतारावर तो खेकड्यासारखा तिरका जातो. दोन्ही हवं असेल तर चार फिरती घेऊन त्यातल्या दोघांना दिशा-कुलूप असलेली घ्यावीत: खिट्टी टाकली की ती स्थिर होतात, काढली की मोकळी.

पाया वाढवायचा तर चौकट रॅकपेक्षा थोडी बाहेर काढून कॅस्टर तिथे लावता येतात. पाय अडखळतात, हे खरं, तरी उंच रॅकला मी हाच मार्ग घेईन. रॅकची उंची त्याच्या खोलीच्या तिप्पट झाली की मला चैन पडत नाही. जड माल खालच्या कप्प्यात ठेवणं तर सर्वांना ठाऊक असतं. फक्त माल काढतानाही खालचाच आधी निघतो आणि वर जड उरतो, हे लक्षातून सुटतं.

ब्रेक म्हणजे काय काय

साधा ब्रेक फक्त चाक अडवतो. फोर्क फिरतच राहतो, त्यामुळे ब्रेक लावलेला रॅकसुद्धा किंगपिन आणि चाक यांच्यातल्या अंतराइतका इकडेतिकडे डुलतो. वरच्या कप्प्यातून खोकं ओढताना हे हमखास जाणवतं. ‘टोटल लॉक’ चाक आणि फिरणं दोन्ही एकदम अडवतो. रॅकला तोच हवा, आणि निदान दोन चाकांना हवा. ब्रेकचं पॅडल कोणत्या बाजूला येतंय हे आधी पाहा. भिंतीला टेकलेल्या रॅकच्या मागच्या चाकाचा ब्रेक कोणीही कधीही लावत नाही.

फ्लोअर लॉक हा वेगळा प्रकार. दोन कॅस्टरच्या मध्ये एक रबरी पाय असतो, पायाने दाबला की जमिनीला घट्ट बसतो. रॅक सरकत नाही, पण बहुतेक फ्लोअर लॉक भार उचलत नाहीत. तो चाकांवरच राहतो. चपट्या डागावर त्याचा उपयोग नाही. आणि कुठलाही ब्रेक उतारावर मुक्कामाला ठेवलेल्या भरल्या रॅकसाठी नसतो.

कॅस्टर कशाला लावताय?

तयार रॅक घेऊन त्याच्या चार खांबांखाली थेट कॅस्टर ठोकणं ही सर्वांत नेहमीची चूक. रॅकचे खांब पातळ पत्रा वाकवून केलेले असतात आणि ते सरळ वरून येणाऱ्या भारासाठी, जमिनीला बोल्टने बांधून उभं राहण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्या टोकाला चाक लावून आडवं ढकललं की सगळा पीळ त्या पत्र्याच्या बुडाला येतो. आधी चाकांनी नव्हे, खांबांनी हार मानलेली दिसते.

त्याऐवजी खाली चॅनेलची किंवा चौकोनी पाइपची एक स्वतंत्र चौकट करायची, कॅस्टर तिला, आणि रॅक तिच्यावर बोल्टने. मागे आणि बाजूंना तिरपे आधार हवेतच, नाहीतर ढकलताना रॅक समांतरभुज चौकोन होतो. चौकट वेल्ड केली की ती थोडी तरी पिळवटते. म्हणून कॅस्टर लावण्याआधी चारही प्लेटच्या जागा एका पातळीत आहेत का ते सपाट पृष्ठभागावर टेकवून बघावं आणि फरक असेल तिथे पातळ पत्र्याचं पॅकिंग द्यावं. दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा एका चाकाला कायमचं अधांतरी ठेवतो. प्लेटची चारही भोकं वापरायची, भोकाला साजेसे बोल्ट, वायसर, आणि न सुटणारे नट. ‘तीन बोल्ट पुरेसे आहेत’ असं म्हणणारा गृहस्थ प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो.

बेअरिंगबद्दल फार बोलायची गरज नाही. आतमध्ये बेअरिंगऐवजी नुसता बुश, म्हणजे साधी नळी, असेल तर जड रॅकला तो नको. रोलर बेअरिंग धक्के सोसतं आणि धुळीत टिकतं, बॉल बेअरिंग हलकं सुटतं. क्वचित हलणाऱ्या रॅकला पहिला धक्का महत्त्वाचा, म्हणून मी बंद बॉल बेअरिंगकडे झुकतो. फिरत्या डोक्यात, म्हणजे प्लेटखाली फोर्क जिथे फिरतो तिथे, गोळ्यांच्या दोन रांगा असाव्यात. मधला किंगपिन कालांतराने ताणून ढिला होतो आणि कॅस्टर लटपटू लागतं; किंगपिन नसलेल्या, गोळ्यांच्या रिंगवरच तोललेल्या रचनेत हा दोष नाही. धक्के जास्त असतील तिथे तीच घ्यावी.

एखादं रुंद चाक जागच्या जागी वळवताना जमिनीला घासतं, कारण त्याच्या दोन कडांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. त्याऐवजी एकाच फोर्कमध्ये शेजारीशेजारी दोन अरुंद चाकं असतील तर एक पुढे आणि एक मागे फिरतं, आणि टनभर रॅकही जागेवर वळतो. उंची न वाढवता भार वाढवायचा असेल तेव्हा हा मार्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात सगळे नट पुन्हा एकदा आवळा. नवीन जोडणी बसते आणि ढिली होते. पुढे महिन्यातून एकदा चाकं नुसती हाताने फिरवून पाहिली तरी पुरे. आसाभोवती दोरा, प्लास्टिकच्या पट्ट्या, तार गुंडाळलेली असते. ती कापून काढा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. पीयूत रुतलेला लोखंडाचा चुरा उपसून काढा. ग्रीस निपल असेल तर ग्रीस द्या, थंड गोदामातला रॅक असेल तर त्या तापमानाला न गोठणारं.

आणि एक चाक बदलायची वेळ आली तर एकच बदलू नका. जुनी चाकं झिजून व्यासात चार-पाच मिलिमीटर लहान झालेली असतात. पूर्ण व्यासाचं नवं चाक त्यांच्यात आलं की ते आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातलं अशा दोन चाकांवर भार जातो, तिसरं अर्धवट टेकतं, चौथं हवेत राहतं, आणि नवं कोरं कॅस्टरच सर्वांत आधी जातं. चारही बदला. तेवढं शक्य नसेल तर एका टोकाची जोडी बदला, आणि जुन्या जोडीच्या प्लेट आणि चौकट यांच्यामध्ये व्यासातल्या फरकाच्या निम्म्या जाडीचं पॅकिंग घाला.